चहा येईपर्यंत : एका माहितीपटाच्या संकलनाची हकिगत

पावसाळ्याच्या तोंडावर माझा दिग्दर्शक मित्र दोन हार्ड डिस्क घेऊन घरी आला, तेव्हा त्याच्याजवळ ३१ तासांचे चित्रण होते आणि चित्रपटाचा शेवटही मनात ठरलेला होता. सिंधुदुर्गातल्या एका खाडीवर चाळीस वर्षे तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, चालवणारे एक वृद्ध गृहस्थ, त्याच खाडीवर उभा राहत असलेला पूल आणि पूल सुरू झाल्यावर बंद पडणारी ती तर, असा त्याचा विषय होता. चौदा महिन्यांत तीन खेपा करून त्याने चित्रण केले होते. पहिल्या खेपेला पुलाचे पायलिंग, म्हणजे पायाचे खांब घणाने ठोकणे, चालू होते, दुसऱ्या खेपेला खांब वर आले होते आणि तिसऱ्या खेपेला क्रेनने गर्डर, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळया, चढवले जात होते. त्या गृहस्थांना गावात सगळे आबा म्हणतात. मीही इथे तेच म्हणेन आणि खाडीचे नाव घेणार नाही.

मी संकलन शिकले ते पुण्यात, एका निवृत्त संकलकांकडे. त्यांचे उभे आयुष्य स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म पाहून कापायच्या टेबलावर, गेले होते. १६ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात चाळीस चौकटी बसतात, हे त्यांना बोटांनी कळत असे. फिल्म मापताना ते टेबलाच्या कडेकडे पाहतही नसत. आमच्या वेळी चूक झाली की एका क्लिकवर ती मागे घेता येते, त्यांच्या वेळी स्प्लायसरने कापलेला तुकडा चिकटपट्टीने पुन्हा जोडावा लागे आणि जोडाची खूण पडद्यावर दिसत राही. म्हणून कापण्याआधी विचार करण्याची सवय त्यांना होती, जी आम्हाला मुद्दाम लावून घ्यावी लागते. त्यांनी मला दिलेली एक शिस्त मी अजून पाळते. रशेस, म्हणजे न कापलेले कच्चे चित्रण, पहिल्यांदा पाहताना वहीत दोन रकाने आखायचे. डावीकडे काय दिसते ते लिहायचे आणि उजवीकडे पाहताना स्वतःला काय झाले ते. पोटात गोळा आला, हसू आले, कंटाळा आला, काहीच झाले नाही, जे असेल ते. सर म्हणत, "डावा रकाना पुन्हा भरता येईल. उजवा नाही. दुसऱ्यांदा पाहताना तू प्रेक्षक उरलेली नसतेस."

अकरा दिवस मी नुसती पाहत होते आणि लिहीत होते. त्यानंतर पहिली जोडणी केली, ती तीन तास दहा मिनिटांची झाली. पहाटेची पहिली फेरी, शाळेची मुले, मासळीच्या टोपल्या, दुपारची सामसूम, संध्याकाळची शेवटची फेरी, असा तो क्रम होता. त्यातला प्रत्येक शॉट देखणा होता आणि सगळे मिळून मेलेले होते. असे नेहमीच होते, म्हणून मी घाबरले नाही. एकामागून एक ठेवलेल्या शॉटना शेजार मिळतो, नाते मिळत नाही.

आपल्याकडे या कामाला संकलन म्हणतात, याची मला नेहमी गंमत वाटते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत संकलित म्हणजे बेरीज आणि व्यवकलित म्हणजे वजाबाकी. ३१ तासांतून २६ मिनिटांचा चित्रपट काढायचा, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे सुमारे सत्तर मिनिटे बाहेर ठेवायची, हे उघडउघड व्यवकलन आहे. तरीही आपल्या भाषेने बेरजेचा शब्द निवडला. सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन याने १९२९ साली तिसरेच गणित मांडले. दोन शॉट शेजारी ठेवले की त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो, असे त्याचे म्हणणे होते. त्यासाठी त्याने चिनी-जपानी चित्रलिपीचा दाखला दिला होता. डोळ्याचे चिन्ह आणि पाण्याचे चिन्ह एकत्र आले की 'रडणे' असा अर्थ होतो, आणि तो ना डोळ्यात असतो ना पाण्यात. माझ्या समोरच्या चित्रणात पाणी भरपूर होते. डोळ्यांचे काय करायचे, हा प्रश्न होता.

उत्तर मला क्लिप क्रमांक १४७ मध्ये सापडले, निदान तेव्हा तरी तसे वाटले. दुसऱ्या खेपेच्या चित्रणात आबा धक्क्यावरच्या दगडावर बसले आहेत. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर आहे. ते काही बोलत नाहीत, काही करत नाहीत. नजर चौकटीच्या उजवीकडे आणि किंचित वर लागलेली आहे. चेहऱ्यावर सांगता येईल असा कोणताच भाव नाही. साडेतीन सेकंदांनी त्यांची पापणी लवते. तिसऱ्या खेपेच्या चित्रणात एक शॉट होता: क्रेनला लटकलेला गर्डर आभाळातून उजवीकडून डावीकडे अतिशय सावकाश सरकत येतो. मी आधी गर्डर ठेवला, मग आबांचा चेहरा, मग पुन्हा गर्डर, आणि शेवटी वाळूत उपडी घातलेली होडी. गर्डर जणू त्यांच्या नजरेत शिरत होता. मूळचा आवाज बंद करून खाली वल्ह्याची दोरी करकरण्याचा आवाज घातला, आणि दिग्दर्शकाने तात्पुरती म्हणून दिलेली बासरी त्यावर अंथरली. चाळीस वर्षांचे एक आयुष्य अकरा सेकंदांत हरताना दिसू लागले. माझ्याच घशात आवंढा आला.

ही युक्ती माझी नव्हे, शंभर वर्षांपूर्वीची आहे. क्रांतीनंतरच्या रशियात कोऱ्या फिल्मची टंचाई होती आणि मॉस्कोत लेव्ह कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाभोवती जमलेली तरुण मंडळी जुन्या चित्रपटांचे तुकडे पुन्हा जोडून पाहत शिकत होती. त्याने इवान मोझ्झुखिन या नामवंत नटाच्या एका भावशून्य चेहऱ्याचा शॉट घेतला आणि तो एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीतल्या मृत स्त्रीशेजारी आणि एकदा खेळणाऱ्या लहान मुलीशेजारी जोडला. त्याचा सहकारी पुडॉव्हकिन याने लिहून ठेवले आहे की प्रेक्षकांनी त्या नटाची भूक, त्याचे दुःख आणि त्याचे वात्सल्य यांची वाखाणणी केली. चेहरा मात्र तिन्ही वेळा तोच होता. त्या प्रयोगाची फिल्म आज हाती नाही आणि शेजारी नेमके कोणते शॉट होते याबद्दल खुद्द कुलेशॉव्ह आणि पुडॉव्हकिन यांच्या आठवणी जुळत नाहीत. पण प्रयोग खरा आहे की नाही, हे तपासायला मॉस्कोला जावे लागत नाही. कोणत्याही संकलकाच्या टाइमलाइनवर, म्हणजे संगणकावर शॉट मांडायच्या पट्टीवर, तो आठवड्यातून एकदा तरी होतो.

कुलेशॉव्हने आणखी एक खेळ केला होता. वेगवेगळ्या ठिकाणी टिपलेले शॉट जोडून त्याने प्रत्यक्षात नसलेला एक सलग प्रदेश पडद्यावर तयार केला: मॉस्कोत चालणारी माणसे अमेरिकेतल्या व्हाइट हाउसच्या पायऱ्या चढली. आयझेनस्टाइनच्या १९२५ सालच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये ओडेसा शहरातल्या कत्तलीला उत्तर म्हणून दगडी सिंह झोपेतून उठतो. ते प्रत्यक्षात तीन वेगवेगळे पुतळे आहेत, आणि तेही ओडेसातले नाहीत, क्रिमियातल्या आलुप्का इथल्या राजवाड्यातले आहेत. तीन कापांत दगड जागा होतो. माझ्या अकरा सेकंदांतही आबांची नजर आणि तो गर्डर यांच्यामध्ये पाच महिने होते. नजर दुसऱ्या खेपेची, गर्डर तिसऱ्या खेपेचा. आबा ज्या दिशेला पाहत होते तिकडे त्या दिवशी गर्डर नव्हताच.

हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही चुकल्यासारखे वाटले नाही, कारण जोड बेमालूम झाला होता. वॉल्टर मर्च या अमेरिकी संकलकाला 'द कॉन्व्हर्सेशन' या १९७४ सालच्या चित्रपटावर काम करताना असे आढळले, की आपण ज्या जागी शॉट कापायचे ठरवतो तिथेच फार वेळा जीन हॅकमन या नटाची पापणी लवते. माणूस एक विचार संपवून दुसऱ्याकडे वळतो तेव्हा पापणी लवते, आणि काप म्हणजे चित्रपटाने लववलेली पापणी, असा त्याने त्याचा अर्थ लावला. मीही आबांची पापणी लवायला लागते त्याच्या दोन चौकटी आधी कापले होते. सेकंदाला पंचवीस चौकटी असतात, तेव्हा दोन चौकटी म्हणजे डोळ्यांना कळूही नये एवढा काळ. पण पापणी पूर्ण मिटू दिली तर आबा तो विचार सोडून देत आहेत असे वाटत होते, आणि आधी कापले तर तो विचार गर्डरपर्यंत जाऊन पोहोचत होता. सरांची एक पद्धत होती: शॉट चालू ठेवायचा आणि कापावेसे वाटेल तिथे टेबलावर थाप मारायची, तीन वेळा थाप त्याच चौकटीवर पडली तर तो काप खरा. माझी थाप तिन्ही वेळा त्याच चौकटीवर पडली. एखादा काप तालाच्या दृष्टीने अगदी अचूक असूनही खोटा असू शकतो, हे त्या पद्धतीत कळत नाही.

त्या अवस्थेत चित्रपट ५४ मिनिटांचा होता. आम्ही तो पाच परिचितांना दाखवला. त्या अकरा सेकंदांना दोघांनी डोळे पुसले. दिग्दर्शक खूश झाला आणि म्हणाला, "आता फक्त बारीक कर. आत्मा सापडलाय."

बारीक करण्यासाठी मी मुलाखतीकडे वळले. मुलाखत पहिल्या खेपेची, दोन तासांची होती. दिग्दर्शक मूळचा विदर्भातला, त्याला मालवणी कळायला वेळ लागतो, म्हणून त्याने एका मुलाकडून तिचे प्रमाण मराठीत लेखन करून घेतले होते आणि आम्ही दोघे आतापर्यंत त्या कागदांवरूनच काम करत होतो. हा आमचा, आणि जास्त करून माझा आळस. माझे आजोळ त्याच भागातले आहे. मला ते कागद लागायला नको होते. त्यातल्या एकेचाळिसाव्या मिनिटापाशी "आवाज खराब, ऐकू येत नाही" असे लिहून जवळजवळ दोन मिनिटांचा मजकूर सोडून दिलेला होता. एक संध्याकाळ सवड होती, म्हणून मी माझी वही उघडली. त्या जागेसमोर डाव्या रकान्यात मी स्वतःच लिहिले होते, "पायलिंगचे ठोके, आवाज खराब." उजव्या रकान्यात लिहिले होते, "श्वास धरला."

मी हेडफोन लावले आणि ती दोन मिनिटे पुन्हा ऐकली. मागे खाडीत पायलिंगचा घण पडत होता, दर तीन-चार सेकंदांनी एक धप्प असा जड आवाज येत होता आणि त्याच्या मधल्या फटींतून आबा बोलत होते.

"रात्रीचे अकरा वाजलेले. बाळंतीण होडीत, नि आहोटी लागलेली. मधीच होडी चिखलात बसली." धप्प. "पाणी चढासर अडीच तास." धप्प. "पोर वाचलां नाय." यानंतर घणाचे दोन ठोके नुसतेच पडतात. मग ते म्हणतात, "पूल तेवां व्हयो होतो."

मला तो क्षण अजून आठवतो, कारण मी पहिल्यांदा उठून खिडकी लावली, जणू तो आवाज बाहेरून येत होता. या माणसाला पुलाचे दुःख नव्हते. पूल तीस वर्षे उशिरा येत होता, हे त्यांचे दुःख होते. आणि मी त्यांच्याच चेहऱ्याचे साडेतीन सेकंद वापरून, बासरी लावून, त्यांच्या तोंडी नेमके उलट वाक्य घातले होते. त्यांनी एक शब्दही न उच्चारता ते 'बोलले' होते आणि पाच जणांना ते ऐकू आले होते. मुलाखतीतले वाक्य तोडून मी अर्थ बदलला असता तर कोणीही मला जाब विचारला असता. चेहऱ्याशेजारी गर्डर ठेवून तोच उद्योग केला तर त्याला संवेदनशील संकलन म्हणतात.

मग मी क्लिप १४७ची वहीतली नोंद शोधली. डावा रकाना: "आबा बसलेले. चहा येतो. काही घडत नाही." उजवा रकाना कोरा.

क्लिप एकूण एकोणीस सेकंदांची होती. मी तिच्यातले साडेतीन सेकंद उचलले होते आणि आवाज पहिल्याच दिवशी बंद करून ठेवला होता. आवाज चालू करून सबंध क्लिप पाहिली. दूर कुठेतरी घण पडतो आहे. आबा उजवीकडे वर बघत आहेत, म्हणजे धक्क्यावरून घराकडे चढत जाणाऱ्या पाखाडीकडे. चौदाव्या सेकंदाला बांगड्या वाजतात, चौकटीच्या उजव्या कडेने एक हात आत येतो, हातात स्टीलचा पेला आहे. बाईंचा आवाज येतो, "घेवा." आबा पेला घेतात, फुंकर मारतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मघापासून नव्हता असा, एक स्पष्ट भाव उमटतो, तो म्हणजे समाधानाचा. ते चाळीस वर्षांच्या आयुष्याकडे बघत नव्हते. ते चहाची वाट बघत होते.

दिग्दर्शकाला बोलावून मी दोन्ही गोष्टी दाखवल्या. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "पण लोक रडले, गं." त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. मर्चने कापाच्या बऱ्यावाईटाला जी टक्केवारी लावली आहे तिच्यात एकट्या भावनेला ५१ टक्के आहेत. कथा, लय, नजरेचा प्रवास, चौकटीतले आणि अवकाशातले सातत्य हे सगळे मिळून उरलेले ४९. कल्पित चित्रपटासाठी मला हा हिशेब पूर्णपणे मान्य आहे. पण माहितीपटातल्या चेहऱ्यामागे एक माणूस असतो, त्याला शेजारी असतात आणि तो चित्रपट त्याच्या गावात दाखवला जाणार असतो. तिथे भावना कोणाची, असाही एक रकाना हवा. आम्ही दोन दिवस भांडलो. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच विचारले, "ते ठोके काढता येतील का?" म्हणजे मुलाखतीचा तो भाग घ्यायचे त्याने मान्य केले होते.

ठोके काढता आले नाहीत. काढायचा प्रयत्न मी मन लावून केलाही नाही. १९२८ साली, बोलपट नुकता कुठे येऊ घातला असताना, आयझेनस्टाइन, पुडॉव्हकिन आणि अलेक्झांड्रोव्ह या तिघा सोव्हिएत दिग्दर्शकांनी एक जाहीरनामा काढला होता. आवाज दृश्याच्या मागे शेपटासारखा जोडू नका, दृश्याशी त्याचा विसंवाद घडवा, असे त्यात सांगितले होते. एरवी माझी नाळ पुडॉव्हकिनशी जुळते. शॉट म्हणजे विटा, एकावर एक रचत घर बांधावे, असे तो मानत असे. आयझेनस्टाइनची टक्कर मला बहुतेक वेळा कर्कश वाटते. इथे मात्र टक्कर आयती ध्वनिमुद्रणातच होऊन बसली होती. जो पूल तीस वर्षांपूर्वी हवा होता तोच त्या माणसाच्या वाक्यांत घण घालत होता. ज्याला आम्ही तीन महिने खराब आवाज म्हणत होतो, त्याच्याइतके नेमके पार्श्वसंगीत मला पैसे देऊनही मिळाले नसते. बासरी त्या दिवशी टाइमलाइनवरून उतरली. तात्पुरते संगीत हा आमच्या धंद्यातला एक मोठा धोका आहे: कच्चा काप त्याच्या आडोशाला लपतो आणि महिनाभर ऐकल्यावर ते संगीत आपल्याला चित्रपटाचाच भाग वाटू लागते.

मग प्रश्न आला तो अडीच तासांचा. खाडीची एक फेरी प्रत्यक्षात आठ-नऊ मिनिटांची आहे आणि चित्रपटात मी ती चार शॉटमध्ये चाळीस सेकंदांत उरकली होती. पाय आत पडतो, वल्हे बुडते, पाणी सरकते, पाय बाहेर पडतो. मधले काही दाखवावे लागत नाही, प्रेक्षक ते स्वतः भरून काढतो. वेळ आखडायला संकलकाला फारसे काही लागत नाही. ताणणे अवघड. आबांच्या गोष्टीला दृश्य काय द्यायचे? होडी, कंदील, रात्र, असे काहीबाही पुन्हा घडवून टिपावे, ही सूचना आली आणि गेली. आमच्याजवळ ओहोटीच्या वेळच्या गाळाचा एक स्थिर शॉट होता, दुपारचा, ज्यात लहान चिंबोऱ्या बिळांतून बाहेर येतात आणि आत जातात. "पाणी चढासर अडीच तास" या वाक्याच्या आधी, चौदा चौकटी अगोदर, घणाचा ठोका आबांच्या चेहऱ्यावरच ऐकू येतो, आणि मग चित्र गाळाचे होते. म्हणजे कान आधी पोहोचतात, डोळे अर्ध्या सेकंदाने. तो गाळ मी बावीस सेकंद ठेवला. या चित्रपटात शॉटची सरासरी लांबी सहा सेकंदांच्या आसपास आहे. तेव्हा दहाव्या सेकंदाला प्रेक्षक चुळबुळतो, पंधराव्याला चिडतो आणि विसाव्याला त्याला एकदम कळते की आपण वाट बघतो आहोत. "पोर वाचलां नाय" हे वाक्य त्या गाळावरच येते. चेहरा दाखवायचा नाही, हे मी ठरवले होते. अशा वेळी चेहरा दाखवला की प्रेक्षक तो वाचू लागतो आणि ऐकणे थांबते.

यानंतर चेहरा येतो, तो १४७चा.

हा निर्णय घ्यायला मला एक आठवडा लागला. तो शॉट टाकून देणे सोपे होते आणि मनाला बरेही वाटले असते. पण त्याला नवा शेजार देऊन पाहिला, तेव्हा जे दिसले ते सोडवेना. गाळानंतर दुसऱ्या खेपेच्याच आठवड्यात होडीतून टिपलेला अर्धवट खांबांचा शॉट ठेवला, आणि त्यानंतर आबा. तोच चेहरा, तेच साडेतीन सेकंद. आधी ज्यात हार दिसत होती, त्यात आता एक थंड, जुना राग दिसू लागला. मी एकटीनेच कुलेशॉव्हचा प्रयोग पुन्हा केला होता, आणि दोन्ही खेपांना फसणारी प्रेक्षकही मीच होते. हा नवा अर्थ मुलाखतीशी जुळत होता, म्हणून तो खरा म्हणायचा का? त्या दिवशी त्या दगडावर आबांना राग आलेला नव्हता. मी पहिल्या खोट्याच्या जागी दुसरे, जास्त शोभणारे खोटे ठेवत होते.

तेव्हा मी कापायचेच सोडले. साडेतीन सेकंदांवर असलेली काप-रेघ ओढत ओढत क्लिपच्या टोकापर्यंत नेली. आवाज मूळचा ठेवला. आता खांबांनंतर आबा दिसतात, प्रेक्षक त्यांच्या चेहऱ्यात आपल्याला हवे ते दुःख किंवा हवा तो राग भरतो, पापणी लवते, शॉट संपत नाही, घण दूरवर पडतच असतो, आणि चौदाव्या सेकंदाला बांगड्या वाजतात व पेला येतो. फुंकर मारेपर्यंत सगळे दिसते. कापाने अर्थ तयार होतो हे मी शिकले होते. काप पुढे ढकलला तर तयार झालेला अर्थ प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत उतरवूनही घेता येतो, हे मला क्लिप १४७ने दाखवले. फक्त एकच तडजोड केली. हात आत येण्याआधीचे क्षण किंचित लांबत होते, पण सलग शॉटला मधून हात लावायचा नाही असे ठरल्यामुळे मी सुरुवातीच्या सहा चौकटी काढल्या आणि तेवढ्यावर भागवले.

बाकीचे काम त्यामानाने भराभर झाले. ५४चे ३४ झाले आणि ३४चे २६. सरांची जुनी परीक्षा दोनदा घेतली: एकदा आवाज पूर्ण बंद करून चित्रपट पाहायचा, एकदा डोळे मिटून ऐकायचा. पहिल्या परीक्षेत दोन लंगडे काप सापडले, दुसऱ्या परीक्षेत खाडीचा वारा एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंत एकदम तुटत असल्याचे लक्षात आले. तिथे मागच्या शॉटचा वारा पुढच्याखाली थोडा वाढवला. चौथ्या महिन्याच्या अखेरीस पिक्चर लॉक केले, म्हणजे यापुढे एकही काप हलवायचा नाही असे ठरले. रंग आणि उपशीर्षके दुसऱ्यांनी केली.

गावात चित्रपट दाखवला तो शाळेच्या पडवीत, पांढरी चादर ताणून. मी मुद्दाम प्रोजेक्टरजवळ बसले होते, कारण तिथून पडद्यापेक्षा बघणारे जास्त दिसतात. गाळाच्या शॉटला कुणी चुळबुळले नाही. त्या अडीच तासांची गोष्ट त्यांच्यातल्या पुष्कळांना ठाऊक होती, असे नंतर कळले. चेहरा आला तशी पडवी आणखी शांत झाली. बांगड्या वाजल्या आणि मागच्या रांगेतून एक मूल मोठ्याने म्हणाले, "चाय इली!" सगळे हसले. आबाही हसले, पण त्यांची नजर पडद्यावरच होती, आणि फुंकर मारताना स्वतःला बघून त्यांनी नकळत ओठ पुढे काढले.

संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. काही विचारावे असे मनात होते, पण त्याआधीच त्यांच्या शेजारी बसलेल्या आजींनी माझा हात धरला.

"अगो, त्येंका सव्वीस मिनटां दाखवलंस," त्या म्हणाल्या, "नि सगळ्या पिच्चरात माझो नुसतो हातच?"

घरी आल्यावर मी हार्ड डिस्क पुन्हा लावली. ३१ तासांत आजी आणखी कुठेकुठे आहेत ते शोधायला बसले. वहीच्या डाव्या रकान्यात त्यांची नोंद सतरा ठिकाणी होती. पंधरा ठिकाणी मी फक्त 'चहा' एवढेच लिहिले होते.